कमी पोळी, जास्त ताकद: मॅटवरच्या सरावाभोवती वजनं आणि ताट कसं मांडावं

पोळी-भात कमी करायचा, वजनं उचलायची आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी ज्युदो, कराटे किंवा कुस्तीच्या वर्गालाही जायचं, असं ठरवणारे बडोद्यात बरेच भेटतात. त्यातले बहुतेक दीड-दोन महिन्यांत यातलं काहीतरी एक सोडून देतात. कोणी जिम सोडतो, कोणी डाएट. सर्वांत वाईट म्हणजे काही जण वर्गच सोडतात, कारण स्पारिंगच्या तिसऱ्या मिनिटाला हात वर राहत नाहीत आणि आपलं वय झालं असं वाटायला लागतं. पस्तिशीत वय होत नसतं. आठवडाभर पिष्टमय पदार्थ टाळून, रिकाम्या स्नायूंनी मॅटवर उतरलं की पंचविशीतल्या मुलाचेही हात असेच खाली येतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की या तिन्ही गोष्टींची एक उतरंड आहे. सर्वांत वर मॅटवरचा सराव. त्याच्या सोयीने वजनं. या दोन्हींच्या सोयीने ताट. बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात: आधी मोबाइलवरचा आहाराचा तक्ता, मग जिममधल्या ट्रेनरने दिलेला सहा दिवसांचा कार्यक्रम, आणि उरलेल्या दमात सराव. इथे मी वरून खाली जाणार आहे.

आधी हे वाचा

अठरा वर्षांखालच्या मुलामुलींनी कार्ब, म्हणजे पोळी, भात, साखर यांतली कर्बोदकं, कमी करण्याच्या फंदात पडू नये. त्यांनी साखर आणि फरसाण आवरलं तरी पुष्कळ झालं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंडाचा आजार असलेले आणि टाइप १ मधुमेहाचे रुग्ण यांच्यासाठी हा लेख नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कार्ब कमी केल्यावर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, म्हणून औषधाचा डोस डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना कमी कार्बच्या आहारात कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठण्याचा जिवावर बेतणारा प्रकार) होऊ शकतो आणि त्यात रक्तातली साखर फार वाढलेली दिसेलच असं नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारूनच पाऊल टाकावं. जिममधल्या ओळखीच्या माणसाचा सल्ला इथे चालत नाही.

बडोद्याच्या तालमींना हे ठाऊक होतं

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत (१८७५ ते १९३९) या शहराने कुस्ती, मल्लखांब, लाठी यांना मोठा आश्रय दिला. दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि राजरत्न माणिकराव ही नावं इथल्या जुन्या मराठी घरांत अजून आदराने घेतली जातात. सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये तर गामा पैलवानाने १९०२ साली उचललेला म्हणून जपलेला भलाथोरला दगडच आहे.

तालमीच्या शिस्तीतली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तिथे लढंत वेगळी, मेहनत वेगळी आणि खुराक वेगळा धरतात. लढंत म्हणजे मातीतला सराव, मेहनत म्हणजे जोर-बैठका, मुद्गल, दोर. आणि दूध, तूप, बदामाची थंडाई हा खुराक मेहनत बघून ठरतो. जोड लागलेल्या, म्हणजे कुस्ती ठरलेल्या, पैलवानाला जो खुराक मिळतो तो नुकत्याच लंगोट बांधलेल्या पोराला मिळत नाही. मेहनतीप्रमाणे खुराक, हा हिशेब आजच्या भाषेत मांडला की आपला सगळा कार्यक्रम तयार होतो.

शरीर कुठल्या कामाला काय जाळतं

एकदम जोर लावायचा असतो तेव्हा, म्हणजे एखादी फेक, एखादी लाथ, वजनाचे तीन-चार रेप्स (सलग उचली), पहिले आठ-दहा सेकंद स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन हे झटपट इंधन खर्च होतं. दोन-तीन मिनिटं विसावा मिळाला की ते बऱ्याच अंशी परत भरतं. त्याला भात लागत नाही.

जोर तसाच पुढे चालू राहिला तर स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, वापरली जाते. प्रौढ माणसाच्या स्नायूंत ती साधारण ३०० ते ५०० ग्रॅम मावते आणि यकृतात आणखी ८० ते १०० ग्रॅम. ज्युदोची लढत ४ मिनिटांची, कुस्ती ३-३ मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, कराटेतली कुमिते ३ मिनिटांची. या सगळ्यांचं मुख्य इंधन हेच.

संथ आणि लांबलचक कामाला चरबी चालते. चालणं, हलकं धावणं, तंत्राची सावकाश घोकंपट्टी यात ती मोठा वाटा उचलते. पण चरबी लढतीच्या वेगाने जळू शकत नाही, मग ती अंगावर कितीही असो. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांच्या गटाने अव्वल दर्जाच्या रेस-वॉकर्सवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्ब जवळजवळ बंद केलेल्या खेळाडूंच्या शरीराने तीन आठवड्यांत चरबी जाळायला उत्तम शिकून घेतलं, पण त्याच वेगाने चालायला त्यांना जास्त ऑक्सिजन लागू लागला आणि कामगिरी सुधारली नाही. शर्यतीत निदान गती सारखी असते. मॅटवर तर समोरचा माणूसच गती ठरवतो.

यातून आपल्या सोयीचा निष्कर्ष निघतो. तंत्राच्या सरावाला आणि थोडे रेप्स, लांब विश्रांती अशा वजनांना कमी कार्ब चालतात. जोरदार स्पारिंगला चालत नाहीत. आठवड्यात खऱ्या अर्थाने भात मागणारे दिवस एक किंवा दोनच असतात.

पहिली पायरी: आठवडा मांडा

कागदावर सात दिवस लिहा आणि आधी फक्त वर्गाचे दिवस भरा. समजा वर्ग सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी आहे आणि शुक्रवारी मोकळी रँदोरी (ज्युदोतली सरावाची लढत) किंवा स्पारिंग असतं. शुक्रवार हा आठवड्याचा राजा. बाकी सगळं त्याच्याकडे बघून बसवायचं.

पायांची जड वजनं शनिवारी सकाळी ठेवा. ऐकायला विचित्र वाटतं, कारण आदल्या रात्रीच अंग ठेचलेलं असतं. पण शनिवारनंतर रविवारची सुट्टी मिळते आणि पुढचा शुक्रवार सहा दिवस दूर असतो, त्यामुळे दुखऱ्या मांड्या घेऊन स्पारिंगला उभं राहावं लागत नाही. शिवाय शुक्रवारी रात्री सरावानंतर खाल्लेला भात शनिवारच्या स्क्वॉटलाही पुरतो. एकाच ताटात दोन कामं होतात. अंग फारच मोडून आलं असेल, गुडघा किंवा बोट दुखावलं असेल, तर शनिवारी फक्त चाला आणि वजनं रविवारी दुपारनंतर उरका.

वरच्या अंगाची वजनं मंगळवारी. गुरुवार मोकळा: सुरसागर तलावाभोवती किंवा सयाजीबागेत अर्धा-पाऊण तास चालणं, नितंब आणि खांद्यांचे सांधे मोकळे करणं, लवकर झोप.

एकाच दिवशी दोन्ही करावं लागलं तर मध्ये सहा तास तरी जाऊ द्या. तेही जमत नसेल तर आधी तंत्र, मग वजनं. दमलेल्या अंगाने शिकलेली फेक चुकीचीच अंगवळणी पडते आणि नंतर ती मोडायला महिने जातात.

दुसरी पायरी: वजनं

दोन दिवस पुरतात. प्रत्येकी पन्नास मिनिटं. सहा दिवस जिम करणारा आणि मॅटवरही चमकणारा माणूस तुम्ही पाहिला असेल, पण त्याची झोप, त्याचं वय आणि त्याचा दिवसभराचा कामधंदाही बघा.

पहिले सहा आठवडे वजन वाढवण्याचे नाहीत. हलक्या डंबेलने किंवा वाळूच्या पिशवीने छातीशी वजन धरून स्क्वॉट, कंबर न वाकवता नितंबातून झुकणं, जोर आणि दोराला लटकून खेचणं, हे आठ-आठ रेप्सनी शिका. कोणीतरी जाणता माणूस समोर उभा असू द्या.

त्यानंतर शनिवारी: स्क्वॉट ४ सेट, प्रत्येकी ४ रेप्स. डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उभं राहत उचलणं) ३ सेट, प्रत्येकी ३. मग दोन्ही हातांत जड वजन घेऊन तीस-चाळीस पावलं चालणं, चार फेऱ्या. मंगळवारी: पुल-अप ४ सेट, जमतील तसे ३ ते ५. डोक्यावर प्रेस ४ सेट, प्रत्येकी ४. एका हाताने रोइंग (झुकून डंबेल कमरेकडे खेचणं) ३ सेट, प्रत्येकी ६. दोन सेटमध्ये पूर्ण तीन मिनिटं बसा. ही तीन मिनिटं लोकांना जड जातात, घाम आला नाही तर व्यायाम झाला असं वाटत नाही. पण कमी कार्बवर जड वजनं चालतात ती या विश्रांतीच्या जोरावर. दहा-बारा रेप्सचे, तीस सेकंदांच्या विश्रांतीचे सेट थेट ग्लायकोजेन खातात, आणि ते आपल्याला शुक्रवारसाठी राखायचं आहे.

प्रत्येक सेट संपवताना आणखी दोन रेप्स निघाले असते असं वाटलं पाहिजे. दर आठवड्याला स्क्वॉट-डेडलिफ्टला अडीच किलो वाढवा, जमेनासं झालं की आहे त्यावर थांबा. चौथ्या आठवड्यात सेट निम्मे करा. स्वतःच्या वजनाच्या दीडपट स्क्वॉट आणि दुपटीच्या जवळपास डेडलिफ्ट आली की हौशी खेळाडूला पुरे. त्यापुढची ताकद मिळवायला जेवढा वेळ लागतो तो मॅटवर घालवलेला बरा.

बैठकांबद्दल थोडं. पाचशे बैठका हा दमाचा व्यायाम आहे, ताकदीचा नव्हे, आणि त्याला भरपूर साखर लागते. बैठका मला अतिशय प्रिय आहेत, पण त्या स्पारिंगच्या हिशेबात धरा. शनिवारी स्क्वॉट, रविवारी तीनशे बैठका आणि ताटात कोशिंबीर असा बेत गुडघे मोडतो. मुद्गल मात्र मंगळवारी शेवटी दहा मिनिटं जरूर फिरवा. फेकणाऱ्या आणि ठोसे मारणाऱ्या खांद्याला असं मोकळं ठेवणारं दुसरं साधन मला माहीत नाही. पकडीसाठी बारवर जुना गी (ज्युदो-कराटेचा जाड सदरा) किंवा जाड टॉवेल टाकून त्याला लटका. जवळच्या तालमीत दोराचा मल्लखांब करायला मिळत असेल तर फारच उत्तम. मानेसाठी कपाळाला, मग डोक्याच्या मागे आणि बाजूंना हात लावून दहा-दहा सेकंद दाब द्या, मान न हलवता. मानेवर पूल करणं (डोकं टेकवून अंगाची कमान) शिकवणाऱ्याशिवाय करू नका.

पूरक पदार्थांपैकी एकाच गोष्टीची मी शिफारस करतो: क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम. वर सांगितलेल्या फॉस्फोक्रिएटिनचा साठा त्याने वाढतो आणि शाकाहारी माणसाचा साठा मुळातच कमी असल्याने त्याला फायदा जास्त जाणवतो. स्नायूंत पाणी धरलं जाऊन किलोभर वजन वाढू शकतं, वजनगटात खेळणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावं.

तिसरी पायरी: ताट

आपल्या जेवणात एकूण ऊर्जेचा निम्म्याहून बराच जास्त भाग कार्बमधून येतो. दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली आलं की त्याला साधारण कमी कार्बचा आहार म्हणतात, ५० ग्रॅमच्या खाली कीटो. कीटो आपल्याला नको. सत्तर किलोच्या माणसाने साध्या दिवशी ८० ते १०० ग्रॅम आणि स्पारिंगच्या दिवशी २०० च्या आसपास, एवढं धरावं. प्रथिनं मात्र सातही दिवस सारखी: वजनाच्या किलोमागे १.६ ते २ ग्रॅम, म्हणजे सत्तर किलोला ११० ते १४०.

पहिला आठवडा काही बदलू नका, फक्त वहीत लिहा. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे ४० ग्रॅम साखर, हे लिहिल्याशिवाय दिसत नाही. बडोद्यातल्या मराठी घरांच्या आमटीत गूळ जरा सढळ असतो, भाजीतही साखरेची चिमूट पडते, दुपारच्या चहाबरोबर लीलो चेवडा किंवा शेव, रविवारी फाफडा-जिलेबी. दुसऱ्या आठवड्यात हे आवरा. पोळी-भाताला हात लावण्याआधीच निम्मं काम झालेलं असेल.

मग मोजमाप. घरच्या मध्यम पोळीत २० ते २२ ग्रॅम कार्ब. गुजराती पद्धतीच्या पातळ रोटलीत १४ च्या आसपास, त्यामुळे एकाऐवजी दीड मिळाल्याचं समाधान हवं असेल तर रोटली करा. ज्वारीची एक भाकरी ४० ग्रॅमपर्यंत जाते. भाकरी पौष्टिक आहे, पण ती कमी कार्बची नाही. मोठी वाटीभर भात ४०. घट्ट वरणाची वाटी १५ ते १८, आणि त्यात प्रथिनं ७-८ ग्रॅमच. डाळ म्हणजे प्रथिनं असं आपण समजतो तिथेच शाकाहारी माणसाचा हिशेब कोसळतो. बेसनातही वजनाच्या निम्म्याहून अधिक कार्ब असतात, म्हणून पिठलं खावं, पण भाताऐवजी भाजीबरोबर. खमण हलकं दिसतं, तेही बेसन आणि वर साखरेचं पाणी.

प्रथिनांसाठी शाकाहारी घरात कामाला येणाऱ्या वस्तू थोड्या आहेत. १०० ग्रॅम पनीरमधून १८ ग्रॅम. सोयाच्या कोरड्या वड्यांमधून १०० ग्रॅमला तब्बल ५२, म्हणजे ४० ग्रॅम वड्यांच्या रश्शातून २१. श्रीखंडासाठी बांधलेला चक्का, साखर घालण्याआधी; मीठ, जिरं आणि काकडी घालून तो झकास लागतो. शेंगदाणे १०० ग्रॅमला २५, पण तेल त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून मूठभर. व्हे प्रोटीनचा डब्यातल्या मापाचा एक चमचा २४ ग्रॅमच्या आसपास, आणि ती औषध नव्हे, दुधातलीच वस्तू आहे. अंडं चालत असेल तर एकात ६ ग्रॅम. रविवारी मटण होणाऱ्या घरांत प्रश्नच नाही. रस्सा, कांदा-लिंबू आणि अर्धी भाकरी.

साध्या दिवसाचं एक शाकाहारी ताट असं बसतं. सकाळी दीडशे ग्रॅम पनीरची भुर्जी आणि ताक. दुपारी एक पोळी, सोयावड्यांचा रस्सा, एक पालेभाजी, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर आणि मोठी वाटी दही. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे आणि व्हे. रात्री शंभर ग्रॅम पनीर किंवा चक्का, तुपावर परतलेली भाजी आणि घट्ट आमटीची एक वाटी. प्रथिनं सव्वाशे ग्रॅमच्या जवळ, कार्ब शंभराच्या आत.

पोळी काढून घेतली त्या जागी काही ठेवलं नाही तर तो आहार कमी कार्बचा न राहता उपासमारीचा होतो. तूप, ओलं-सुकं खोबरं, तीळ यांना घाबरू नका. आणि इथे आपल्या डाव्या बाजूचं महत्त्व कळतं: जवसाची, कारळ्याची, तिळाची, दाण्याची चटणी. चरबी, चोथा आणि चव तिन्ही एका चमच्यात. पोट साफ न होण्याची तक्रार या आहारात हमखास येते. जवस आणि रोज दोन वेळा भाजी हा तिच्यावरचा उपाय. खंडेराव मार्केटमधून येताना वांगी, दुधी, कोबी, गवार, मेथी, वालपापडी पिशवीत असू द्या. बटाटा, रताळं आणि कंद शुक्रवारसाठी.

शुक्रवारी ताट बदलतं. दुपारी दोन पोळ्या, वरण, भाजी, दही. सरावाआधी अडीच-तीन तास पोह्यांची एक बशी, तेल बेताचं. पोट जड राहत असेल तर पोह्यांऐवजी केळं आणि दही. सराव संपल्यावर घरी येऊन वरण-भात, दोन वाट्या भात, वर तूप, सोबत पनीर किंवा अंडी. सेव उसळ खाण्याची हौस असेल तर ती याच रात्री भागवा. सोमवार-बुधवारच्या वर्गात फक्त तंत्र असेल तर साधं ताट पुरतं. अचानक जोरदार रँदोरी होणार असं कळलं तर सरावाआधी एक केळं खा.

पहिले तीन आठवडे

पहिल्याच आठवड्यात वजन एक-दोन किलो उतरतं आणि माणूस हुरळतो. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं, ते जातं. चरबी नंतर हळूहळू जाते. याच दिवसांत डोकं दुखणं, उठताना अंधारी येणं, पोटरीत गोळे येणं असे प्रकार होतात, कारण इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात. रक्तदाब ठीक असेल तर रोज दोन ग्लास ताक, प्रत्येकात पाव चमचा मीठ, एवढ्याने बहुतेकांचं भागतं. बडोद्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. बंद हॉलमध्ये गी घालून दीड तास सराव करणाऱ्याने मिठाचं हे बोलणं गंभीरपणे घ्यावं, आणि कार्ब कमी करण्याची सुरुवात शक्यतो उन्हाळ्यात करूच नये. दिवाळीनंतरचे महिने उत्तम.

या तीन आठवड्यांत वजनं वाढवू नका आणि स्पारिंग अर्ध्या जोराने करा.

नवरात्र आणि बाकीचे दिवस

बडोद्यात नवरात्रात नऊ रात्री गरबा, आणि उपास असेल तर साबुदाणा, मोरैयो (वरी), बटाटा. उपासाचं ताट म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्ब. साबुदाण्यात तर शंभर ग्रॅमला ८५ च्या वर. भांडू नका त्याच्याशी. त्या नऊ दिवसांत तीन-तीन तास पाय थांबत नाहीत, तेव्हा ते कार्ब कामी येतात. पायांची वजनं एका हलक्या दिवसावर आणा, उपासात दही, चक्का, पनीर, शेंगदाणे वाढवा आणि दसऱ्यानंतर पुन्हा मूळ मांडणीवर या. उत्तरायणातल्या उंधियूतून पापडी-वांगी ताटात घ्या, कंद-रताळं थोडं.

वहीत काय लिहायचं

रोजचं वजन आठवड्याची सरासरी काढण्यापुरतं. स्क्वॉटचा आकडा. झोपेचे तास. आणि सर्वांत महत्त्वाचं: शुक्रवारची तिसरी फेरी कशी गेली. ही नोंद एका ओळीची असली तरी चालेल.

तिसरी फेरी लागोपाठ दोन शुक्रवार ढासळली तर गुरुवारी रात्री एक वाटी भात वाढवा. वजनं खाली आली तर आधी झोप आणि प्रथिनं तपासा. पहिला आठवडा सोडून पुढे आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन उतरत असेल तर तूप-दाणे वाढवा, कारण तुम्ही स्नायूही गमावत असण्याची शक्यता आहे. स्त्रियांनी पाळी पुढे जाऊ लागली किंवा थांबली तर ती ‘सरावामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नये. शरीराला पुरेसं इंधन मिळत नसल्याची ती स्पष्ट खूण आहे, हाडांवर तिचा परिणाम होतो. खाणं लगेच वाढवावं आणि डॉक्टरांना दाखवावं. तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल सगळ्यांनीच करून घ्यावं, कारण काही जणांचं एलडीएल कोलेस्टेरॉल या आहारात चढतं.

स्पर्धा असेल तर

पायांची जड वजनं शेवटची स्पर्धेच्या पाच-सहा दिवस आधी. शेवटच्या आठवड्यात सेट निम्मे, वजन तेच.

वजनगटात बसण्यासाठी किती उतरवायचं हे वजन कधी घेणार यावर ठरतं. आंतरराष्ट्रीय ज्युदोत ते आदल्या संध्याकाळी घेतात, कुस्तीत लढतींच्या दिवशी सकाळी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोच्या गटात अवघे १०० ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. जगातल्या उत्तम मदतनीसांच्या हाताखाली हे घडतं. आदल्या संध्याकाळी वजन असेल तर आधीचे तीन दिवस कार्ब ५०-६० ग्रॅमवर आणून सत्तर किलोचा माणूस किलो-सव्वा किलो सहज उतरवतो. त्याहून जास्त हवं असेल तर वरच्या गटात खेळा. घाम काढून, पाणी तोडून वजन उतरवू नका. १९९७ मध्ये अमेरिकेत तीन कॉलेजवयीन कुस्तीगीर याच पायी काही आठवड्यांच्या अंतराने दगावले.

वजन झाल्यावर आधी ओआरएसचं एक पाकीट लिटरभर पाण्यात, घोट घोट. मग दहीभात, केळी, मऊ खिचडी, झोपेपर्यंत दोन-तीन वेळा थोडं थोडं; तेल, कच्ची कोशिंबीर आणि कडधान्यं त्या रात्री नकोत. सकाळी लढतीआधी तीन तास पोहे किंवा दहीभात, आणि पुढे दोन लढतींच्या मध्ये केळं, खजूर आणि मीठ-साखरेचं पाणी पिशवीत हवं. हा सगळा क्रम स्पर्धेआधी एखाद्या गुरुवार-शुक्रवारी एकदा घरी करून बघा, म्हणजे पोटाला काय मानवतं ते आधीच कळेल.